नरसय्यांचा खड्डा

"यांना बांधायचं कुणी सांगितलं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

सोनाबाईने हातातली पेजेची वाटी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. "तुमीच की, वकीलबाई. तुमच्या हापिसचं पत्र आलंया न्हवं. अप्पांनी भिताडाला लावलंय बघा."

भिंतीवर खरंच पत्र होतं. आमच्या ऑफिसचं लेटरहेड, आमच्या टाइपरायटरची ती पुसट अक्षरं आणि खाली 'करिता' लिहून माझी सही. 'सदर इसमाच्या हालचालींवर योग्य तो निर्बंध ठेवण्यात यावा.' हे वाक्य लिहिताना मला फार वजनदार वाटलं होतं. एकदा मोठ्याने वाचूनही पाहिलं होतं.

आता ते वाक्य माझ्यासमोर खाटेवर पडलं होतं. नरसय्या, वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळे. दोन्ही मनगटं नवारीच्या पट्टीने खाटेला बांधलेली. गाठ सैल होती आणि कातडी सोलू नये म्हणून पट्टीखाली जुन्या धोतराची घडी घातली होती. सोनाबाईने बांधलं होतं, पण जपून बांधलं होतं. नरसय्या ओरडत नव्हते. पांघरुणाखाली त्यांचे पाय तेवढे हलत होते. एक खाली, एक वर, मग उलट.

"पाय का हलतात?"

"त्ये तर दिवसभर चालूच असतंय," सोनाबाई म्हणाली.

मला वाटलं, म्हातारपणाचा कंप असेल. मी वहीत तसं लिहूनही टाकलं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी मूळची माळशिरसकडची, उसाच्या पट्ट्यातली. एलएल.बी. करून सोलापूरला आले आणि दादासाहेबांच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून लागले. दादासाहेब म्हणजे आमचे सीनियर. दिवाणी कोर्टात त्यांचा मोठा दबदबा. आम्ही बायका त्या कोर्टात तेव्हा दोघीच. पक्षकार ऑफिसात यायचे आणि मलाच विचारायचे, "वकील कुठायत?" मी म्हणायचे, "ही काय, इथं बसलेय." मग ते बाकावर बसून दादासाहेबांची वाट बघायचे.

शहराबाहेर, कुंभारीच्या वाटेवर, एका ट्रस्टचा वृद्धाश्रम होता. त्याचं नाव सांगत नाही. निराधार म्हाताऱ्यांना तिथे फुकट ठेवायचे. ट्रस्टचे सेक्रेटरी मल्लिनाथअप्पा, नवी पेठेतले कापडाचे व्यापारी. मनाने अगदी लोण्याचा गोळा, पण 'कोर्ट' म्हटलं की हातापायाला कापरं भरायचं. आणि हा ट्रस्ट आमचा पक्षकार होता, म्हणजे आम्ही त्यांच्या बाजूचे वकील.

ट्रस्टवर दावा लावला होता नरसय्यांनी. निदान कागदावर तरी त्यांनीच. ज्याला स्वतःचं भलंबुरं कळत नाही, त्याला एकट्याने दावा लावता येत नाही. त्याच्या वतीने जवळचं कुणीतरी उभं राहतं. कोर्टात त्याला 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणतात. इथे ती होती त्यांची मुलगी अंबुबाई. विधवा, विड्या वळून पोट भरणारी. नरसय्यांच्या सर्टिफिकेटवर डॉक्टरांनी 'सिनाईल डिमेन्शिया' लिहिलं होतं. आपल्याकडे त्याला म्हातारचळ म्हणतात आणि हसून सोडून देतात.

झालं होतं ते असं. आश्रमाच्या अंगणात संडासाच्या टाकीसाठी पुरुषभर खोल खड्डा खणला होता. मग गवंडी चार दिवस फिरकला नाही. खड्ड्याभोवती चार खुंट्या ठोकून सुतळी बांधून ठेवली होती. पाचव्या दिवशी भर दुपारी नरसय्या त्यात पडले. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. बरेच दिवस प्लॅस्टरमध्ये गेले. मुलीचं म्हणणं, ही आश्रमाची हलगर्जी आहे, आश्रमाने जबाबदारी घ्यावी.

त्यावर आम्ही कैफियत दिली. कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी म्हणणं. ती मी लिहिली होती आणि मला तिचा अभिमान होता. चौथ्या परिच्छेदात मी म्हटलं होतं की, नरसय्यांनी प्रवेशाच्या फॉर्मवर अंगठा दिला आहे आणि 'इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही' ही अट त्यांना पूर्ण समजली होती. नवव्या परिच्छेदात म्हटलं होतं की, ते वेडाच्या भरात असल्याने त्यांनी अचानक खड्ड्यात उडी घेतली आणि असं काही होईल अशी कुणालाच कल्पना नव्हती. एकाच कैफियतीत चौथ्या परिच्छेदात माणूस शहाणा आणि नवव्यात वेडा. आमच्या धंद्यात याला पर्यायी बचाव म्हणतात आणि कुणी लाजत नाही.

दावा लागल्यावर अप्पा धावत ऑफिसात आले होते. "म्हातारा परत पडला तर काय करू? कायतरी लिहून द्या की." दादासाहेब त्या आठवड्यात मुंबईला हायकोर्टात होते. मी लिहून दिलं. आश्रम पाहिला नव्हता, नरसय्यांना पाहिलं नव्हतं, तरी लिहून दिलं. म्हणून त्या दिवशी भिंतीवरची माझी सही बघताना माझा चेहरा उतरला.

मी गेले होते ती सोनाबाईला साक्षीसाठी तयार करायला. साक्षीदार तयार करणं म्हणजे त्याला खोटं शिकवणं नव्हे, असं आम्ही वकील सगळ्यांना सांगत असतो. सोनाबाई कुंभारीचीच. आश्रमात स्वयंपाकापासून म्हाताऱ्यांना अंघोळ घालण्यापर्यंत सगळं तीच करायची. त्या दिवशी अंगणाकडे लक्ष होतं ते तिचंच.

"त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, ते सांगा."

"सकाळी च्या पाजला, मागावर बसवलं आन मी भाकरीला गेले."

"कशावर बसवलं?"

"मागावर." ती ओशाळं हसली. "म्हंजी आमी तसं म्हंतो वो. ओट्यावर. या, दावते."

आश्रमाच्या पुढच्या बाजूला लांबलचक दगडी ओटा होता. त्याच्या कडेला एक जागा घासून गुळगुळीत झाली होती. नरसय्या तिथे पाय खाली सोडून बसायचे. पूर्वी ते विणकर होते, सोलापुरातल्या तेलुगू विणकरांपैकी.

"दुसरीकडं कुटं बी बसवा, उटून चालाय लागतंय. एकदा पार मोट्या रस्त्याला गेलतं. पर हितं काठावर बसवलं की लेकरावानी गप. हात असं असं करतंय, पाय असं असं. दोन दोन तास. तंवर माजी समदी कामं उरकत्यात की."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"समद्यास्नी. अप्पा तर पावनं आलं की दावायचे. म्हनायचे, बघा, आमचं इनकर मागावर बसलंय."

"बरं. मग त्यांनी खड्ड्यात उडी का मारली?"

सोनाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की, ही बाई शिकलेली कशी म्हणायची. "उडी कुटली वो? मी खिडकीतनं बघितलं की. ओट्यावरनं उतरलं, हळूहळू गेलं, सुतळी वर केली, काठावर नीट बसलं आन पाय खाली सोडलं. मी वराडत पळाले, पर तंवर घसरलं की." तिने डोळ्यांना पदर लावला. "मी तितं बसवाय नगं हुतं. पर बाई, म्या वाईट म्हनून न्हाय बसवलं."

मी तिला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. कैफियतीतला नववा परिच्छेद मला तोंडपाठ होता आणि त्यातलं एकेक वाक्य माझ्यासमोर गळून पडत होतं.

तरीही एक गोष्ट मला कळेना. माणूस काठ दिसला की पाय खाली का सोडतो? आमच्या माळशिरसला ऊस, गुऱ्हाळ, बैलगाडी यातलं काहीही विचारा. माग मी जन्मात पाहिला नव्हता. सोलापुरात राहून चादरीत झोपायचे, पण ती कशी विणतात ते ठाऊक नव्हतं. आमचा कारकून दुसऱ्या दिवशी मला शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्याच्या ओळखीच्या लिंगय्या नावाच्या विणकराकडे घेऊन गेला.

लिंगय्यांच्या घरात शिरताच पहिल्या खोलीत माग होता. त्याला खड्डामाग म्हणतात. जमिनीतच गुडघाभर खोल खड्डा असतो. विणकर त्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडतो. आत पायांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या असतात. त्या आळीपाळीने दाबल्या की उभे धागे वरखाली होतात आणि त्यांच्या मधून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे पळतो. लिंगय्या येऊन बसले आणि त्यांनी पाय सोडले. नजर सगळा वेळ माझ्याकडे.

"तुम्ही खाली बघत नाही?" मी विचारलं.

"कशाला बघू? पाय सोडला की पट्टी तितंच असती की. चाळीस वर्सं झाली बाई. आता खड्डा कुटं हाय ते आमच्या बुडालाच कळतंय."

बोलता बोलता त्यांचे पाय चालू झाले. एक खाली, एक वर, मग उलट.

खाटेवर, पांघरुणाखाली, हेच चाललं होतं. मी त्याला कंप म्हणून वहीत लिहून आले होते. हात बांधलेले असतानाही म्हातारा पायांनी माग चालवत होता.

लिंगय्या नरसय्यांना ओळखत होते. "लई मोटा कारागीर. त्यांचं लुगडं कुनाला इकत घ्यायचं तर आदी नंबर लावाय लागायचा. हात थकल्यावर पोरीनं घरातला खड्डा बुजवला. खोली एवडीशी, करनार काय? वरनं फरशी घातली. तवापास्नं नरसय्यामामा घरभर खड्डा हुडकत फिरायचे. शेजारच्यांच्या घरात शिरून त्यांच्या मागावर जाऊन बसायचे. मग पोरीनं आश्रमात ठिवलं."

त्यांना वर्षानुवर्षं खड्डा सापडत नव्हता. आश्रमाच्या अंगणात एक दिवस सापडला. मला तिथेच रडू आलं. लिंगय्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि कारकून उगाचच छताकडे बघत बसला.

संध्याकाळी मी दादासाहेबांसमोर सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग सुपारी कातरत म्हणाले, "शालिनी, तू वकील कुणाची?"

"ट्रस्टची."

"मग त्यांच्यासाठी काय आणलंस?"

"नववा परिच्छेद खोटा आहे, हे आणलंय."

इथे थोडं कायद्याचं सांगते. अपघात कुणाच्याही घरी होतो, त्याची शिक्षा कुणाला होत नाही. कोर्ट एवढंच विचारतं की, असं होईल हे तुम्हाला आधी कळण्यासारखं होतं का? कळण्यासारखं असेल आणि तुम्ही काही केलं नसेल, तर ती हलगर्जी. आमचा सगळा बचाव 'अचानक' या एका शब्दावर उभा होता. आणि इथे तर माणूस काठ दिसला की बसतो, हे आश्रमात येणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा ठाऊक होतं.

"सोनाबाईला साक्षीला आणायचं नाही," दादासाहेब म्हणाले.

"समोरचे वकील तिला समन्स काढतील."

"काढलं तर बघू. दावे असेच पाच-सात वर्षं चालतात."

"आणि तोपर्यंत ते खाटेला बांधलेले राहतील?"

"बांधलंय? कुणी?"

"आपण." मी पत्राची कार्बन कॉपी त्यांच्यापुढे ठेवली. "म्हणजे मी."

दादासाहेबांनी चष्मा लावून पत्र वाचलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. घरी काय सांगायचं, याचीही मनात जुळवाजुळव सुरू केली. त्यांनी चष्मा काढून पत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी असतो तर हेच लिहिलं असतं. शब्दाला शब्द." सुपारीचा डबा बंद केला. "पक्षकाराला वाचवायचं हे आपलं काम. पण कशापासून वाचवायचं, ते आधी बघावं लागतं. उद्या अप्पांना बोलाव."

अप्पा आले ते घाम पुसतच. सगळं ऐकून त्यांचा चेहरा रडवेला झाला. "म्हंजे आमी म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून तितं बसवलं, हाच आमचा गुन्हा? धर्म करायला गेलो आन कर्म उभं ऱ्हायलं की हो दादासाहेब!"

"बसवणं हा गुन्हा नाही, अप्पा," मी म्हटलं. "काठ दिसला की ते पाय सोडतात, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हय. रोजचंच की."

"मग अंगणात खड्डा खणला तेव्हा?"

नवी पेठेतला हा व्यापारी, कापडाचा पोत बोटांनी ओळखणारा, आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसला. "डोक्यातच आलं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "देवाशप्पत सांगतो बाई, डोक्यात आलं न्हाई."

मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. दुसऱ्या कुठल्या आश्रमात नरसय्यांना कुणी निरखलंच नसतं, आणि तो आश्रम 'आम्हाला काय माहीत' म्हणून सुटला असता. यांनी माणसाकडे प्रेमाने बघितलं, त्याची खोड ओळखली, आणि तेच त्यांच्या अंगाशी आलं. असं मी त्यांना म्हणालेही.

"मग बांधूनच ठेवतो," अप्पा हट्टाने म्हणाले. "एकालाच कशाला, असल्या समद्यांना बांधतो. न्हाईतर ठेवूनच घेत न्हाई. मग तर कोर्ट काय म्हणणार न्हाई?"

"हात काळेनिळे पडले, पाठीला जखमा झाल्या की दुसरा दावा येईल," दादासाहेब म्हणाले. "तो मी चालवणार नाही. दुसरा वकील बघा."

दादासाहेबांनी पक्षकाराला असं सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. अप्पांनीही नसावं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मग तुमीच सांगा, करू काय?"

"त्यांच्या मुलीला काय हवंय, ते विचारू," मी म्हटलं. "आपण कुणी विचारलंच नाहीये."

समोरच्या वकिलांशी दादासाहेब बोलले. दोन्ही बाजू कोर्टाच्या आवारात लिंबाखाली जमल्या. अंबुबाईला मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी पडलेली, साडी धुवट पण नीटनेटकी. तिचे वकील भरपाईचं बोलू लागले तशी ती मध्येच म्हणाली, "बापाला सोडा. बांधू नका. मी परवा भेटाय गेले, तर माज्याकडं बघून हात पुढं करत होता. पट्टीच पुरना."

अप्पांनी मान खाली घातली.

"सोडलं तर ते पुन्हा खड्डा शोधत फिरतील," मी म्हटलं. "अंबुबाई, त्यांचा माग तुम्ही विकला का?"

"न्हाई." ती एकदम चोरी सापडल्यासारखी झाली. "खड्डा बुजवला, पर लाकडं इकली न्हाईत. वर तुळईला बांधून ठिवलीत. भंगारवाला दोन येळा येऊन गेला. माजं मनच हुईना."

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा कापडातले. त्यांना मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ओट्यामागची खोली रिकामी हाय," ते हळूहळू म्हणाले. मग कपाळावर हात मारून हसले. या सगळ्या प्रकरणात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "म्हंजे मी माज्याच आश्रमात परत खड्डा खणू म्हणताय!"

तडजोड ठरली. ती लिहून कोर्टात देतात, त्या अर्जाला पुरसीस म्हणतात. एरवी दोन्ही पक्षांनी सह्या केल्या की काम झालं. पण एक पक्षकार अजाण मूल असेल किंवा नरसय्यांसारखा असेल, तर ती तडजोड त्याच्या भल्याची आहे का, हे जज्जसाहेब स्वतः तपासतात. त्यांनी परवानगी दिली तरच ती पक्की. पुरसीस मीच लिहिली. या वेळी प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी आश्रमात जाऊन आले. पहिलं वाक्य असं होतं: 'वादीस झालेली इजा संस्थेच्या हलगर्जीमुळे झाली, हे संस्थेस मान्य आहे.' अप्पांनी ते तीनदा वाचलं आणि सही केली. सही करताना म्हणाले, "आता हलकं वाटतंय." उपचार आणि देखभाल आश्रमाने करायची, अंगठ्याची ती अट फॉर्ममधून काढून टाकायची, कुणालाही बांधायचं नाही, हेही त्यात होतं.

जज्जसाहेब कोकणातले. नुकतेच बदलून आलेले. ते वाचता वाचता पाचव्या कलमाशी थांबले.

"हे काय आहे? वादी खड्ड्यात पडला. त्यावर उपाय म्हणून प्रतिवादी त्याला दुसरा खड्डा खणून देणार?"

कोर्टात हशा पिकला. दादासाहेबांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि ते खाली बसले. म्हणजे मी बोलायचं होतं. मी खड्डामाग काय असतो ते सांगायला सुरुवात केली आणि ताण्याबाण्यात अशी गुरफटले की जज्जसाहेबांच्या कपाळाच्या आठ्या वाढतच गेल्या.

तेवढ्यात अंबुबाई मागून उठली. पट्टेवाला तिला खाली बसवायला धावला, पण जज्जसाहेबांनी हाताने त्याला थांबवलं.

"सायेब," ती म्हणाली, "त्यो खड्डा मोटा हुता म्हून पडला. आपला खड्डा असता तर बसला असता."

जज्जसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"किती खोल असतो तुमचा खड्डा?" जज्जसाहेबांनी विचारलं.

अंबुबाईने वाकून आपल्या गुडघ्याला हात लावला. "हितवर."

"लिहा," जज्जसाहेब टायपिस्टला म्हणाले. "खोली गुडघ्याइतकी. त्याहून जास्त नाही. आणि तो बसलेला असताना जवळ एक माणूस राहील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परवानगी दिली. तुमच्यापेक्षा तुमच्या विरुद्ध पक्षाने बरं समजावलं, बाई."

मी "येस, सर" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कोर्टाचा हुकूम होईपर्यंत अप्पा पट्टी सोडायला धजत नव्हते, म्हणून त्याच दिवशी दुपारी आम्ही आश्रमात गेलो. सोनाबाईने नवारीची पट्टी सोडली. तिला गाठ सोडवायला वेळ लागला, कारण ती सगळा वेळ रडत होती. मी भिंतीवरचं माझं पत्र काढलं आणि पर्समध्ये घातलं. ते मी फाडलं नाही. वकिली केली तोवर माझ्या टेबलाच्या खणात होतं.

माग उभा राहायला पंधरा दिवस लागले. लिंगय्या स्वतः आले. तुळईवरून उतरवलेली लाकडं पुसली, तेल लावलं, जोडली. अप्पांनी दुकानातून सूत पाठवलं. नरसय्यांना दोन्ही बाजूंनी धरून आणलं. अंबुबाई, सोनाबाई, अप्पा, मी, सगळे दाराशी उभे.

ते बसले. पाय आत सोडले. उजवा पाय जरा अडखळला, मग खाली टेकला. आणि काहीच झालं नाही. ते नुसते बसून राहिले. अप्पा पुटपुटले, "उशीर झाला की काय आपल्याला?"

नरसय्यांनी एक धागा बोटाने उचलला. बघितला. मग लिंगय्यांकडे वळून तेलुगूत असे काही खवळून बोलले की लिंगय्यांनी दोन्ही कान पकडले.

"काय म्हणाले?" मी घाबरून विचारलं.

अंबुबाई हसत होती आणि डोळे पुसत होती. "सूत चांगलं न्हाई म्हनतोय. कुनी आनलं ईचारतोय."

अप्पांनी हात वर केला. "मी आनलं. उद्या दुसरं आनतो, मामा."

दुसऱ्या दिवशी दुसरं सूत आलं आणि माग चालू झाला. कापड काही धड नव्हतं. मध्ये भोकं, काठ वाकडे. ज्यांच्या लुगड्याला नंबर लावायचे, त्यांनी आता विणलेलं पोतेरं म्हणूनही खपलं नसतं. पण ते पळून गेले नाहीत. पडले नाहीत. त्यांना बांधावं लागलं नाही. सोनाबाई शेजारी बसून डाळ-तांदूळ निवडायची, म्हणजे जज्जसाहेबांची अटही पाळली जायची. पुढे अप्पा आश्रमात नवा माणूस आला की घरच्यांना आधी विचारू लागले, "हे काय काम करत होते?" फॉर्मवर आता अटीच्या जागी तो प्रश्न छापला होता.

माझ्यापुरता धडा साधा आहे. 'योग्य तो निर्बंध', 'आवश्यक ती खबरदारी' असं काही लिहायची वेळ आली की आधी बस पकडून तिथे जाऊन यावं. पुढे माझ्या ज्युनिअर्सना मी हेच सांगायचे आणि ते कंटाळायचे.

त्यानंतर दोन वर्षं, नरसय्या होते तोवर, मी महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे जायचे. त्यांना दावा आठवत नव्हता, पडलेलं आठवत नव्हतं, मी तर नाहीच. मी दारात दिसले की पाय न थांबवता ते दर वेळी तेलुगूत एकच वाक्य म्हणायचे. पहिल्यांदा अंबुबाईनेच मला त्याचा अर्थ सांगितला.

"तुमचं लुगडं झालंच आहे, बाई. पदर तेवढा राहिलाय. परवा या."

मी म्हणायचे, "येते."